गुडघ्याचं ऑपरेशन एकच, मग सांताक्रूझमध्ये तीन ठिकाणी तीन दर का? आणि घासाघीस नेमकी कुठे करायची?

सांताक्रूझ स्टेशनबाहेरच्या बाजारात मेथीची जुडी घेतानाही आपण दोन गाड्यांवर भाव विचारतो. मोबाईल घ्यायचा तर चार वेबसाईट बघतो. घर भाड्याने घ्यायचं असेल तर दलालीपासून डिपॉझिटपर्यंत सगळ्यावर बोलतो. पण घरात कुणाचं ऑपरेशन निघालं की हीच माणसं एकदम गप्प होतात. काउंटरवरून आकडा येतो, आपण मान डोलावतो आणि पैसे कुठून आणायचे याच्या मागे लागतो.

समजा, वाकोल्यात राहणाऱ्या एका कुटुंबातल्या आईचे गुडघे झिजलेत आणि डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलंय. घाई नाही, पण सहा महिन्यांत करून टाका, असा सल्ला आहे. मुलगा तीन ठिकाणी चौकशी करतो आणि तीन आकडे घेऊन येतो. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात दुपटीहून जास्त फरक. आता प्रश्न असा, की महाग ते चांगलं समजायचं, स्वस्त ते धोक्याचं समजायचं, की यातलं कुणीतरी आपल्याला लुटतंय असं समजायचं?

खरं उत्तर असं, की ते तीन आकडे बहुतेक वेळा एकाच गोष्टीचे नसतातच. त्यामुळे भाव करण्याआधी दर कसा बनतो ते समजून घ्यावं लागतं.

एकाच परिसरात दरांचे इतके थर का?

सांताक्रूझचा माणूस उपचारासाठी फार लांब जात नाही. पूर्वेला महापालिकेचं व्ही. एन. देसाई रुग्णालय आहे. शेजारी विलेपार्ल्यात कूपर, वांद्र्यात भाभा, हीसुद्धा महापालिकेचीच. मग ट्रस्टची मोठी रुग्णालयं येतात, म्हणजे पार्ल्यातलं नानावटी किंवा वांद्र्यातलं लीलावती. आणि या सगळ्यांच्या मधल्या गल्ल्यांमध्ये दहा-वीस खाटांची खासगी नर्सिंग होम.

या तिन्हींचं अर्थकारण वेगळं आहे. महापालिकेचा खर्च करातून भागतो, त्यामुळे रुग्णाकडून नाममात्र शुल्क घेतलं जातं. त्याची किंमत रुग्ण वेगळ्या चलनात मोजतो, ती म्हणजे रांग आणि वेटिंग. नर्सिंग होम जागेचं भाडं, पगार आणि बाहेरून येणाऱ्या सर्जनची फी यांवर चालतं. मोठ्या रुग्णालयात यंत्रसामग्री, आयसीयू आणि २४ तासांचा स्टाफ यांचा खर्च प्रत्येक बिलात थोडा थोडा विभागला जातो.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते देशपातळीवरच्या आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, बाळंतपण वगळता एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता, तर खासगीत ३१,८४५ रुपये. म्हणजे सात पट. आता आकडे वाढले असतील, पण दरी नवीन नाही.

मग कुणी किती घ्यायचं हे ठरवणारा कायदा नाही का?

इथेच खरी मेख आहे. आणि ती समजून घ्यायला सांताक्रूझचंच एक उदाहरण उपयोगी पडतं.

२०२० मध्ये कोविड आला, तेव्हा राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. कोविड रुग्णासाठी साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूत ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महापालिकेने मोठ्या रुग्णालयांतली बिलं तपासायला आपले लेखापरीक्षक बसवले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अशाच एका लेखापरीक्षकाच्या तक्रारीवरून सांताक्रूझ पोलीस ठाण्यात नानावटी रुग्णालयाविरोधात कोविड रुग्णाकडून जादा पैसे घेतल्याचा गुन्हा नोंदवला गेला. गुन्हा नोंदवला म्हणजे दोष सिद्ध झाला, असं अजिबात नाही. पण ‘बिल जास्त लावलं’ ही तक्रार थेट पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ती का जाऊ शकली? कारण तेव्हा एक दर ठरलेला होता. ‘जादा’ म्हणायला आधी मोजपट्टी लागते. ती त्या काळात होती.

पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, की कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला नाही. आज वाकोल्यातल्या त्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन खासगी रुग्णालयात कितीला करायचं, यावर कोणताही सरकारी कमाल दर नाही. त्यामुळे बिल कितीही मोठं असलं तरी फक्त मोठं आहे म्हणून ते बेकायदा ठरत नाही.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे. त्याच्या नियमांत केंद्राने राज्यांशी चर्चा करून दरांची मर्यादा ठरवावी, असं लिहिलंय. पण ती ठरलीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावरून केंद्राला खडसावलं. त्या याचिकेत मोतीबिंदूचं उदाहरण होतं: सरकारी रुग्णालयात एका डोळ्याला १०,००० रुपयांपर्यंत खर्च, तर खासगीत ३०,००० पासून १,४०,००० रुपयांपर्यंत. दर ठरवले नाहीत तर केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे दर तात्पुरते लागू करण्याचा विचार करू, असंही न्यायालयाने बजावलं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर हा केंद्रीय कायदा राज्याने स्वीकारलेलाच नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो.

मग रुग्णाच्या हातात आहे काय?

दर ठरवणारा कायदा नसला तरी दर विचारण्याचा हक्क देणारा नियम आहे.

जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले. त्यानुसार प्रत्येक खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशा ठिकाणी लावणं बंधनकारक आहे. दरपत्रकात प्रवेश शुल्क, खाटेचं रोजचं भाडं, डॉक्टरांच्या भेटीची फी, भूल देण्याची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन, रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे आणि सोनोग्राफी अशा गोष्टी येतात.

अडचण एवढीच, की हे सुटे दर असतात. ऑपरेशनचा एकूण आकडा त्या फलकावर असेलच असं नाही. थाळी किती रुपयांना हे न लिहिता मीठ, तेल आणि गॅसचे भाव लिहावेत, तसा हा प्रकार. म्हणून फलक वाचून भागत नाही, लेखी एस्टिमेट मागावं लागतं.

फलकच लावलेला नसेल तर तक्रार महापालिकेच्या त्या वॉर्डाच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे करता येते. सांताक्रूझ पूर्वेसाठी एच पूर्व वॉर्ड, पश्चिमेसाठी एच पश्चिम. रुग्णालय विलेपार्ले पश्चिमेला असेल तर के पश्चिम.

तीन आकड्यांत फरक पाडतं कोण?

आता पुन्हा त्या तीन एस्टिमेटकडे येऊ. गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल साधारण पाच गोष्टींवर हलतं.

पहिली गोष्ट, खोली. बहुतेक मोठ्या खासगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग फक्त खोलीचं भाडं ठरवत नाही. सर्जनची फी, थिएटरचा चार्ज, भूलतज्ज्ञाची फी, डॉक्टरांच्या भेटी, काही ठिकाणी तर तपासण्याही खोलीच्या वर्गानुसार चढतात. सर्जन तोच, थिएटर तेच, सुरी तीच. पण रुग्ण जनरल वॉर्डातून आला की एक दर आणि सिंगल रूममधून आला की दुसरा. शिवाय आयसीयू सोडून दिवसाला ५,००० रुपयांच्या वर भाडं असलेल्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटीही लागतो.

दुसरी गोष्ट, बसवला जाणारा कृत्रिम सांधा. इथे मात्र सरकारने किंमत बांधलेली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये केली. त्याआधी त्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा गुडघा तेव्हा ७६,६०० रुपयांवर बांधला गेला. या मर्यादांमध्ये नंतर वेळोवेळी बदल होत आले आहेत, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळचा आकडा एनपीपीएच्या वेबसाईटवर बघून घ्यावा. हृदयातल्या स्टेंटचंही तसंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधयुक्त स्टेंटची मर्यादा २९,६०० रुपये ठरली, जो आधी सव्वा लाखाच्या आसपास जायचा.

तिसरी गोष्ट, औषधं आणि एकदाच वापरून टाकायच्या वस्तू. हातमोजे, सिरिंज, सलाईन सेट, ड्रेसिंग. बिलात या ओळी छोट्या दिसतात, पण बेरीज छोटी नसते. एनपीपीएने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. त्यात औषधं, उपकरणं, वस्तू आणि तपासण्या मिळून बिलाचा ४६ टक्के भाग निघाला. आणि काही वस्तूंवर नफ्याचं प्रमाण १,७३७ टक्क्यांपर्यंत आढळलं.

चौथी गोष्ट, पॅकेजमध्ये काय धरलंय आणि काय नाही. एका ठिकाणी चार दिवसांचा मुक्काम आणि फिजिओथेरपी धरलेली असते. दुसऱ्या ठिकाणी आकडा कमी दिसतो, पण त्यात सांध्याची किंमतच नसते. तिसऱ्या ठिकाणी रोबोच्या मदतीने ऑपरेशन असतं आणि त्याचा वेगळा चार्ज असतो.

पाचवी गोष्ट, सर्जन. अनुभवी आणि नाव असलेल्या सर्जनची फी जास्त असते. यात गैर काही नाही. फक्त ती किती, हे आधी कळलं पाहिजे.

म्हणजे वाकोल्यातल्या मुलाने आणलेले तीन आकडे असे असू शकतात: एक जनरल वॉर्डाचा, एक शेअरिंग रूमचा आणि एक सिंगल रूमचा, रोबोसकट. तिन्ही एकाच पायरीवर आणल्याशिवाय त्यांची तुलना म्हणजे हापूसची रायवळशी तुलना.

तुलना करायची तर काय विचारायचं?

काउंटरवर ‘ऑपरेशनचे किती?’ असं विचारलं की तोंडी आणि मोघम उत्तर येतं. त्यापेक्षा खालचे प्रश्न जसेच्या तसे व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर पाठवा. तिन्ही ठिकाणी शब्दही तेच ठेवा.

१. एका गुडघ्याचं ऑपरेशन, शेअरिंग रूम, अंदाजे किती दिवस मुक्काम आणि एकूण किती खर्च?
२. यात सर्जन, असिस्टंट आणि भूलतज्ज्ञाची फी धरली आहे का?
३. सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रकारचा? त्याची किंमत यात आहे की वेगळी?
४. औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तूंचा अंदाज किती?
५. ऑपरेशनआधीच्या तपासण्या आणि नंतरची फिजिओथेरपी यात आहे का?
६. आयसीयूची गरज पडली किंवा एक दिवस जास्त राहावं लागलं तर रोजचा खर्च किती?
७. हेच ऑपरेशन जनरल वॉर्डातून केलं तर एकूण किती?

सातवा प्रश्न चुकवू नका. खोलीच्या वर्गामुळे बिल किती फुगतं, ते त्या एका उत्तरात कळतं.

उत्तरं आल्यावर चौथा रकाना स्वतः भरा. सीजीएचएसचं दरपत्रक इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं आहे. त्या दरात ऑपरेशन करायला खासगी रुग्णालय तुमच्यासाठी बांधील नाही. पण केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याच शस्त्रक्रियेचे किती पैसे देतं, हे माहीत असलं की बोलायला एक आधार मिळतो. कायद्याने न दिलेली मोजपट्टी ही अशी आपणच तयार करावी लागते.

पण हॉस्पिटलमध्ये घासाघीस करायची? बरं दिसतं का ते?

आईच्या जिवापेक्षा पैसे मोठे का, हा विचार बहुतेक मराठी घरांत येतो. डॉक्टरला पैशाचं विचारलं तर त्यांना राग येईल, आईकडे नीट बघणार नाहीत, ही भीतीही असते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. रुग्णालयांशी सगळ्यात जास्त घासाघीस विमा कंपन्या करतात, आणि रोज करतात. सरकारी विमा कंपन्यांनी तर एकत्र येऊन अनेक रुग्णालयांशी ठरावीक ऑपरेशनचे पॅकेज दर ठरवले आहेत. म्हणजे एकाच ऑपरेशनचे एकाच रुग्णालयात पैसे भरणाऱ्यानुसार वेगवेगळे दर असतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२१ पासून रुग्णालयांना दर जाहीर करण्याची सक्ती झाली, तेव्हा तिथेही हेच उघड झालं: एकच रुग्णालय, एकच तपासणी, आणि प्रत्येक विमा कंपनीसाठी वेगळा आकडा. मग खिशातून पैसे भरणाऱ्यानेच तेवढं गप्प का बसायचं?

फक्त घासाघीस योग्य जागी आणि योग्य माणसाशी करावी. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांशी वाद घालू नये. त्यांना एवढंच विचारावं, ‘डॉक्टर, खर्च कमी करायचा असेल तर उपचारात तडजोड न करता काय बदलता येईल?’ बरेच डॉक्टर यावर मोकळेपणाने सांगतात. रुपयांची बोलणी बिलिंग विभागाशी किंवा वैद्यकीय अधीक्षकांशी करावी. ट्रस्टच्या रुग्णालयात समाजसेवा अधिकारी असतात, त्यांना आधी भेटावं.

खोलीचा वर्ग, सर्जनची फी, पॅकेजमधला मुक्काम, ऑपरेशनआधीच्या तपासण्या बाहेरून करून आणणं, औषधं बाहेरून घेणं, यावर बोलता येतं. रुग्णालयातल्याच मेडिकलमधून औषधं घेण्याची सक्ती नाही, असा फलक लावण्याचे आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिले आहेत. ऑपरेशन थिएटरमध्ये लागणाऱ्या वस्तूंबाबत निर्जंतुकीकरणाचा प्रश्न असतो, तिथे रुग्णालयाचं म्हणणं समजून घ्यावं. पण वॉर्डातल्या गोळ्या आणि इंजेक्शनं छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळत असतील तर बाहेरून आणायला हरकत नसावी.

भूलतज्ज्ञ, संसर्ग टाळण्याची व्यवस्था, गरज पडल्यास आयसीयू, आणि तुमचं ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार, यात मात्र तडजोड करू नये. सगळ्यात स्वस्त एस्टिमेटमध्ये आयसीयूच नसेल तर ते स्वस्त नाही, अपुरं आहे.

आणि हे सगळं दाखल होण्याआधी. एकदा पेशंट खाटेवर गेला, डिपॉझिट भरलं, की हातातली दोरी सुटली.

मेडिक्लेम आहे, मग दर कशाला विचारायचा?

कारण पॉलिसीतली एक ओळ निम्मं बिल तुमच्या गळ्यात टाकू शकते. समजा, विमा पाच लाखांचा आहे आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतली. आता कंपनी फक्त वरचे ५,००० कापत नाही. मर्यादेच्या दुप्पट खोली घेतली म्हणून सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग यांचीही निम्मीच रक्कम देते. औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, बसवलेला सांधा आणि तपासण्या यांना मात्र ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असं विमा नियामकाने म्हणजे आयआरडीएआयने २०२० मध्येच स्पष्ट केलंय. कपात झाली असेल तर या चार गोष्टी वगळल्यात का, ते तपासून बघा.

मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाल्याने रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे.

कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. वकील लागत नाही, फी नाही. आणि सांताक्रूझकरांसाठी सोयीची गोष्ट म्हणजे मुंबईच्या विमा लोकपालांचं कार्यालय एस. व्ही. रोडवर, सांताक्रूझ पश्चिमेच्या जीवन सेवा ॲनेक्स इमारतीतच आहे.

पैसेच नसतील तर?

मग घासाघीस हा पहिला मार्ग नाही. त्याआधी दोन दारं ठोठवायची.

पहिलं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०२३ च्या निर्णयानुसार ती पांढऱ्या रेशनकार्डासह सगळ्यांसाठी खुली झाली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढली. कोणतं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. हेल्पलाइन १५५३८८.

दुसरं, धर्मादाय रुग्णालयांची योजना. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आधीच तयार ठेवा. खाट शिल्लक नाही असं सांगितलं तर धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या कार्यालयात तक्रार करता येते.

तातडीच्या प्रसंगी तर चौकशीला वेळच नसतो. धर्मादाय योजनेनुसार अशा रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे असतात. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने दहा लाखांचं डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला, आणि दुसरीकडे हलवलेल्या त्या गर्भवतीचा प्रसूतीनंतर मृत्यू झाला. राज्यभर संताप उसळल्यावर रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांकडून डिपॉझिट घेणार नाही, असं जाहीर केलं. असा प्रसंग आला तर ‘इमर्जन्सी आहे, धर्मादाय योजनेत दाखल करा’ एवढं वाक्य स्पष्ट आणि सगळ्यांसमोर बोला.

बिल हातात आल्यावर

एकरकमी आकडा असलेला कागद घेऊ नका. तपशीलवार बिल मागा. त्यावर सांध्याची कंपनी, प्रकार आणि किंमत वेगळी लिहिलेली असली पाहिजे. दिवसांची संख्या, डॉक्टरांच्या भेटी आणि परत केलेली औषधं मोजून बघा. एस्टिमेटपेक्षा बिल बरंच वाढलं असेल तर कारण लेखी मागा. वैद्यकीय कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला आणि पुढे ग्राहक आयोगात जायला तीच कागदपत्रं लागतात. उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे.

आता वाकोल्यातल्या त्या मुलाकडे परत. त्याने सात प्रश्न तिन्ही ठिकाणी पाठवले, तिन्ही एस्टिमेट शेअरिंग रूमच्या पायरीवर आणली, सांध्याची किंमत सरकारी मर्यादेशी ताडून पाहिली, पॉलिसीतली खोलीची मर्यादा वाचली. आता त्याने कोणतंही रुग्णालय निवडलं, अगदी महागातलं निवडलं, तरी तो जास्तीचे पैसे नेमके कशाचे देतोय हे त्याला माहीत आहे. सहा महिने हातात आहेत. पहिला मेसेज आजच पाठवता येतो.